सही कुणाची घेता ते बघा

चाकणच्या एका कारखान्यासाठी मी लॉकआउट-टॅगआउटचा, म्हणजे दुरुस्तीआधी मशीनची ऊर्जा तोडून कुलूप आणि सूचनेची पट्टी लावण्याच्या पद्धतीचा, ई-लर्निंग कोर्स लिहिला. डिझाइन डॉक्युमेंटमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की मजकूर तपासायला मेंटेनन्सचा माणूस हवा. त्या रकान्यात त्यांनी एचआरच्या साहेबांचं नाव घातलं. मी पुन्हा विचारलं, शॉपफ्लोअर बघू द्या म्हटलं. उत्तर आलं, ‘मेंटेनन्सला वेळ नसतो, आम्ही बघून घेऊ.’ स्टोरीबोर्ड पाठवला, तो लगेच ‘अप्रूव्ह्ड’ होऊन परत आला. एकही शेरा नव्हता. शेरा नसलेला स्टोरीबोर्ड कुणी वाचलेला नसतो, एवढं धरून चाला.

व्हॉइस ओव्हर झाला, स्टोरीलाइन या सॉफ्टवेअरमध्ये कोर्स बांधून झाला आणि अंतिम सादरीकरणाला मेंटेनन्सचे सुपरवायझर पहिल्यांदा आले. कुलूप लावायच्या स्क्रीनवर त्यांनी हात वर केला. “मॅडम, मेन स्विच पाडला तरी या प्रेसच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये प्रेशर राहतं. ते न सोडता हात घातला तर हात जाईल. ती पायरी कुठाय?”

माझ्या पोटात गोळा आला. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मला दिलेली एसओपी जुन्या मेकॅनिकल प्रेसची होती; हायड्रॉलिक प्रेस आल्यावर ती कुणी बदललीच नव्हती. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ज्यांच्या नावाने मंजुरीचा ईमेल आला होता तेच साहेब म्हणाले, “एवढी बेसिक गोष्ट सुटली कशी? आणि स्टोरीबोर्ड कोण वाचतं हो, कोर्स तयार झाल्यावरच बघायचा असतो ना?” सुपरवायझर मात्र मला हळूच म्हणाले, “आम्हाला आधी दाखवलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं.” आजही राग येतो तो त्या पाच मिनिटांचा.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनो, स्टोरीबोर्ड नुसता मेल करू नका. मशीनवर काम करणाऱ्याला शेजारी बसवून प्रत्येक स्क्रीन मोठ्याने वाचा. स्क्रीनवरचा मजकूर, निवेदन, दृश्य यांच्या रकान्यांसोबत ‘माहिती कुणी तपासली’ हाही रकाना ठेवा. तो रिकामा असेल तर रेकॉर्डिंग लावू नका. एसओपीवरची तारीख आणि मशीनचा मॉडेल नंबर जुळवा. उद्दिष्टांत ‘समजेल’ लिहू नका. ‘प्रेशर शून्य झाल्याचं गेजवर तपासून दाखवेल’ असं लिहा. प्रशिक्षणाची उद्दिष्टं कशी लिहावीत यावर पुस्तक लिहिणारे रॉबर्ट मेगर १९६२ पासून हेच सांगत होते, आणि असं वाक्य लिहायला बसलं की गेज कुठे आहे हे विचारावंच लागतं. मंजुरीनंतरच्या बदलांचा दर करारात घाला. बाकी सगळं लेखी ठेवा, संयम ठेवा, हे तर कुणीही सांगेल.

माझ्याकडे सगळे ईमेल होते, म्हणून दोष माझ्या माथी बसला नाही. सुटलेली पायरी घालून पुन्हा केलेल्या रेकॉर्डिंगचं बिल मात्र अजून थकलेलं आहे.