नवा वैद्यकीय अभ्यासक्रम आणि खान्देशी रुग्णाचे बोल



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; रोगनिदान हा आमचा प्रांत नव्हे. तथापि रुग्णाचा केसपेपर प्रथम आमच्याच खिडकीवर तयार होतो. म्हणून वैद्यकीय शिक्षणातील एका बदलाविषयी चार शब्द लिहीत आहोत.

१९९७ च्या नियमांनुसार चालत आलेल्या एम.बी.बी.एस. शिक्षणक्रमाच्या जागी २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्यास किती पाठ आहे यापेक्षा त्यास काय करता येते, यावर त्यात भर आहे. पहिल्याच वर्षी रुग्णांशी परिचय, वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांचे पाठ आणि प्रारंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेची ओळख, ह्या त्यातील ठळक बाबी होत. २०२२ मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रमाची त्यास जोड मिळाली.

धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे अखिल भारतीय कोट्यातून परप्रांतीय विद्यार्थीही येतात. त्यांना मराठी शिकविली, तरी अमळनेर वा साक्रीकडील रुग्ण बोलतो अहिराणी. ‘मना डोया दुखस’ हे वाक्य पुण्याच्या विद्यार्थ्यासही क्षणभर अडखळविते. सातपुड्यातील पावरा बांधवांची बोली तर आणखी निराळी.

येथे आमचीच एक चूक नमूद करणे कर्तव्य समजतो. कपाशीवर फवारणी करून आलेला एक शेतमजूर ‘माले चक्कर येस’ म्हणाला. खिडकीवर ‘अशक्तपणा’ असे लिहिले गेले. फवारणीचा उल्लेख राहिला. डॉक्टरांनी घाम, लाळ व बारीक झालेल्या बाहुल्या पाहून विषबाधा ओळखली, म्हणून अनर्थ टळला.

मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहावी, हा वैद्यकाचा जुना दंडक आहे. नव्या अभ्यासक्रमाने त्यास पुन्हा मान दिला. परंतु परीक्षेच्या गुणांपुरता तो उरल्यास ग्रामीण रुग्णाच्या पदरी काहीच पडणार नाही. ऐकण्याची सवय वर्गात लागत नाही. ती रुग्णाच्या खाटेशेजारी बसूनच लागते.

म्हणूनच केसपेपरवर रुग्णाचे बोल जसेच्या तसे लिहिण्याची सूचना आम्ही कर्मचाऱ्यांना दिली आहे. या कामी अहिराणी जाणणाऱ्या आमच्या परिचारिका व आया ह्याच आमच्या शिक्षिका आहेत. जमाखर्चात न दिसणारी ही शिल्लक संस्थेने जपावी, ही नम्र विनंती.