पत्रपेटीवर दोन आडनावं

आम्ही सप्टेंबरात श्टुटगार्टला आलो. मोटारींच्या धंद्यामुळे पुणे-श्टुटगार्ट ही वाट चांगली मळलेली आहे. त्यामुळे तूरडाळ कुठे मिळते, पोळ्यांना कुठलं पीठ चालतं, रविवारी सगळी दुकानं बंद म्हणून शनिवारीच दूध कसं आणून ठेवायचं, हे सांगणारी मराठी माणसं पहिल्याच आठवड्यात भेटली. जे कुणी सांगितलं नाही आणि जे मला फार महागात पडलं, ते लिहिते आहे. नवऱ्याच्या नोकरीसाठी परदेशात निघालेल्या बायकांनी तर हे वाचावंच, पण त्यांच्या नवऱ्यांनीही वाचावं.

इथे घर बदललं की २ आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन आम्ही दोघं गेलो आणि दोघांची नोंद करून आलो. फॉयरबाख भागातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, म्हणून घरमालकाने बेलवर आणि खालच्या पत्रपेटीवर त्याचं आडनाव लावलं. मी लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवलंय. पेटी बघून मी म्हटलं, “अरे, माझं नाव?” तो म्हणाला, “अगं, एक पुरेल. पत्ता तर तोच आहे ना!” मलाही ते पटलं. पुण्यात सोसायटीचं नाव आणि फ्लॅटचा नंबर लिहिला की पत्र बरोबर येतं.

जर्मनीत मात्र फ्लॅटला बहुधा नंबरच नसतो. पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक एवढंच. पुढे कुठल्या पेटीत टाकायचं, ते पोस्टमन नुसतं आडनाव वाचून ठरवतो. नाव दिसलं नाही, तर पाकीट ‘माणूस सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत जातं. आणि या देशात बँकेच्या कार्डाचा पिन, करक्रमांक, आरोग्यविम्याचं कार्ड, सगळं टपालानेच येतं. माझं यातलं काहीच येईना. नवऱ्याचं सगळं येत होतं. आम्हाला वाटलं, सरकारी काम आहे, उशीर होणारच.

फेब्रुवारीत नवरा कंपनीच्या कामासाठी आठवडाभर हंगेरीला गेला आणि दुसऱ्याच दिवशी मला ताप भरला, कान ठणकायला लागला. जवळच्या दवाखान्यात गेले. स्वागतकक्षातल्या बाईंनी विम्याचं कार्ड मागितलं. ते नव्हतंच. त्या म्हणाल्या, विमा कंपनीला फोन करा, बदली प्रमाणपत्र पाठवतील. ती सोय खरोखरच आहे आणि बऱ्याचदा त्याच दिवशी कागद मिळतो. पण फोनवर विमाक्रमांक विचारला, तो मला माहीत नव्हता. मी नवऱ्याच्या विम्यात कुटुंबीय म्हणून होते. कागदांची फाइल त्याच्या लॅपटॉपमध्ये आणि तो कारखान्यात, फोन बाहेर ठेवून. मी घरी आले, पुण्याहून आणलेली पॅरासिटामॉल घेतली आणि पडून राहिले. असे ३ दिवस गेले. तिसऱ्या रात्री कानाचा पडदा फुटला. पुढचे कित्येक आठवडे त्या कानाने मला नीट ऐकू येत नव्हतं.

रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७ आणि जिवावर बेतलं असेल तर ११२, हे दोन क्रमांकही मला तेव्हा ठाऊक नव्हते. फ्रिजवर लिहून ठेवा.

टपालाचं कोडं तळमजल्यावरच्या वयस्कर शेजारीणबाईंनी सोडवलं. या भागात ‘केअरवोखं’ची चाल आहे. आठवड्याची पाळी आली की दारावर पाटी लटकते आणि त्या घराने जिना झाडून-पुसून घ्यायचा. मी जिना पुसत असताना त्या बाहेर आल्या, माझा हात धरून मला पत्रपेट्यांपाशी घेऊन गेल्या, आमच्या पेटीवर बोट ठेवलं आणि सावकाश विचारलं, “ईअर नामं?” तुमचं नाव? पोस्टमनला पाकिटं परत नेताना त्यांनी पाहिलं होतं. ‘नामं’ हा शब्द मला शिकवावा लागला नाही. मी तिथेच रडले.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून पाहिलं, तर घर, वीज, इंटरनेट, बँक, सगळीकडे एकच नाव होतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तो कमावतो, त्याला इंग्रजीतून बोलणारे सहकारी आहेत, त्याला पटकन जमतं, म्हणून एकेक कागद त्याच्याकडे गेला. पण अशाने ६ महिन्यांत एक शिकलेली, पुण्यात स्वतःची नोकरी असलेली बाई औषधालाही दुसऱ्याची वाट बघत बसते. हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून सांगते. बँकेत संयुक्त खातं उघडताना ‘ओडर’ प्रकारचं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्याने व्यवहार करता येईल असं मागा. ‘उंड’ प्रकारात प्रत्येक वेळी दोघांची संमती लागते. भाडेकरारावर दोघांनी सही करावी असं माझं मत आहे. त्यात भाड्याची जबाबदारीही दोघांवर येते आणि घर सोडतानाही दोघांच्या सह्या लागतात, हे समजून करा.

आणखी एक. अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या मैत्रिणींना कामाच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षं ताटकळताना मी पाहिलं होतं. ‘आपलंही तसंच असणार’ असं धरून मी ८ महिने नोकरीसाठी अर्जच केला नाही. इथे ‘ब्लू कार्ड’ म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांचा निवासपरवाना, आणि माझ्या नवऱ्यासारख्या ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. माझ्या निवासपरवान्यावर तसं छापलेलंच होतं, पण ते जर्मनमध्ये. स्वतःचा कागद स्वतः वाचा, शब्दकोश घेऊन वाचा. भाषेसाठी ‘फोल्क्सहोखशूलं’ नावाची लोकशिक्षणकेंद्रं जवळजवळ प्रत्येक शहरात आहेत आणि खासगी क्लासच्या मानाने स्वस्त आहेत. मी उशिरा गेले. तुम्ही सामान लागलं की लगेच जा.

आणि सामान लागण्याच्याही आधी, घराची किल्ली हातात येईल त्याच दिवशी, बेलवर आणि पत्रपेटीवर दोन्ही आडनावं लावा. छापील पाटी यायला वेळ लागत असेल, तर घरमालकाला सांगून कागदाची पट्टी चिकटवा. पोस्टमनला तेवढी पुरते.