फारसी शिकणारा पाद्री

धुळें-जळगांवच्या विद्यार्थ्यांस अशीरगड परका नाहीं. खानदेशच्या फारूकी सुलतानांचा तो बळकट किल्ला. १६०१ सालीं अकबरानें तो घेतला, तेव्हां छावणींत जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री होता. मुसलमानांशीं धर्मचर्चा करावयाची तर त्यांच्या विद्वानांची भाषा यावयास हवी, म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर त्यानें फारसीचा अभ्यास आरंभिला होता. (आमच्या मुलांस व्याकरण जड जातें!) १६०२ सालीं त्यानें अकबरासाठीं फारसींत ख्रिस्तचरित्र सिद्ध केलें. त्या कामीं मौलाना अब्दुस्सत्तार यांचें साहाय्य होतें. आम्हांस ग्रंथाहून हें साहाय्यच मोलाचें वाटतें. दोघांचीं मतें जुळलीं नाहींत. पुढें जहांगीराच्या दरबारांतील वाद मौलानांनीं लिहून ठेविले, त्यांत पाद्र्यांची बाजू पडती दिसते. मात्र युरोपीय भाषा मौलाना शिकले, ती झेवियरपाशींच.