बारा ब्रीथ आणि बाबांची साखर

कार्डिफमध्ये आलेल्या मराठी माणसाला बारा ब्रीथ हा सुक्या फळांचा वेल्श ब्रेड फार लवकर आवडतो. रात्रभर कोऱ्या चहात मुरलेले बेदाणे आणि मनुका, दालचिनी-जायफळाचा वास, आणि चहाच्या पद्धतीने केला तर तेला-लोण्याचा थेंबही नाही. पूर्वी तो यीस्टने फुगवत. आता बहुतेक घरांत सेल्फ रेझिंग पीठ वापरून झटपट करतात. गावाबाहेर सेंट फेगन्सच्या संग्रहालयात ॲबरिस्टविथहून हलवून आणलेली जुनी डर्वेन बेकरी आहे, तिथेही तो मिळतो. घरी पाहुणे आले की आम्ही त्यांना हमखास तिकडे नेतो.

माझे सासरे साताऱ्याहून उन्हाळ्यात राहायला आले, तेव्हा मात्र हाच ब्रेड काळजीचं कारण झाला. बाबांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांच्यासाठी म्हणून घरात एका दुकानातला 'रिफाइंड शुगर नाही' असं छापलेला, पूर्ण गव्हाचा, मध-खजूर घातलेला बारा ब्रीथ आला. पौष्टिक आहे, म्हणून बाबा रात्रीच्या जेवणावर रोज दोन जाड काप खाऊ लागले. जेवणानंतर दोन तासांनी एरवी १६०-१७० असणारी त्यांची साखर २४० च्या वर दिसायला लागली. बाबा म्हणाले, "एक गोळी जास्त घेतो, म्हणजे झालं." तसं कुणीही करू नये. काही गोळ्यांचा जादा डोस साखर एकदम खाली आणतो, आणि रात्री झोपेत ते लक्षातही येत नाही. आम्ही साताऱ्याला त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळ्यांना हात लावू दिला नाही, आधी ताटात काय नवीन आलंय ते विचारलं. ब्रेड बंद केला आणि आकडे उतरले.

इथे राहायला येणाऱ्या आई-वडिलांसाठी आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. भारतातलं साखर मोजायचं मशीन मिलिग्रॅममध्ये आकडा दाखवतं, इथले डॉक्टर-नर्स मिलिमोलमध्ये बोलतात. आपल्या आकड्याला १८ ने भागायचं. २४० म्हणजे सुमारे १३.३. फोनवर आकड्याबरोबर एककही सांगा.

मग मी ते पाकीट नीट वाचलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिली सुकी फळं, दुसरं पीठ, तिसरा मध. खालच्या तक्त्यात कार्बोहायड्रेटच्या ओळीखाली 'ऑफ विच शुगर्स' अशी ओळ असते, खरी माहिती तिथे. मध, गूळ, खजुराचा पाक यांनी रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच. इथली आरोग्यसेवा मोठ्या माणसाला अशी वरून घातलेली साखर दिवसाला ३० ग्रॅमपेक्षा जास्त नको म्हणते आणि त्यात मधही धरते. सुकी फळं त्यात धरत नाहीत, पण १०० ग्रॅम बेदाण्यांत ७० ग्रॅमच्या आसपास साखर असते, हे मधुमेह्याने विसरून चालत नाही.

हिशेबच मांडू. नेहमीच्या कृतीत ३५० ग्रॅम फळं आणि २०० ग्रॅम साखर धरली, तर बारा कापांपैकी एकात सुमारे ३७ ग्रॅम साखर येते, पिठाचा स्टार्च वेगळा. साखरेच्या जागी मध घालून हा आकडा फारसा हलत नाही. तो हलतो वरची साखर पूर्ण काढल्यावर आणि फळं कमी केल्यावर.

आमच्याकडे आता असा होतो: २५० ग्रॅम बेदाणे-मनुका (साखरेत घोळलेल्या साली असलेलं मिश्रण नको) ३०० मिली कडक कोऱ्या चहात रात्रभर. सकाळी उरलेल्या चहासकट त्यात एक किसलेलं सफरचंद, संत्र्याची किसलेली साल, एक अंडं, चमचाभर दालचिनी-जायफळ. मग १५० ग्रॅम सेल्फ रेझिंग गव्हाचं पीठ, तितकंच पांढरं सेल्फ रेझिंग, आणि चमचाभर बेकिंग पावडर. पोळ्यांची कणीक इथे चालवू नका. ती पाणी फार पिते आणि ब्रेड गच्च होतो. अंडं खात नसाल तर दोन चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात भिजवून घाला, ब्रेड थोडा ठिसूळ होतो इतकंच. पीठ पडल्यावर जेमतेम ढवळायचं, फार घोटलं की चिवट होतं. पंख्याच्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर सुमारे तासभर; मधोमध विणकामाची सुई खुपसून कोरडी निघाली की झालं. वरून करपायला लागला तर फॉइल झाका.

याचेही बारा काप केले, तर एका कापात साखर १५ ग्रॅमच्या आसपास, आणि पिठासकट एकूण कार्बोहायड्रेट ३० च्या थोडे वर, म्हणजे जवळजवळ दोन लहान फुलके. म्हणून मधुमेह्याने तो जेवणावर खायचा नाही. काप घ्यायचा तर त्या वेळचे फुलके कमी करायचे, आणि दोन तासांनी मोजून बघायचं. प्रत्येकाचं शरीर वेगळं, बाबांना चालला तो काप दुसऱ्याला चालेलच असं नाही.

गरम असताना कापू नका, चुरा होतो. गुंडाळून एक रात्र ठेवला की पातळ, सारखे काप पडतात. ते मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये टाकायचे आणि लागेल तेव्हा एकच काढून टोस्टरमध्ये गरम करायचा. ओट्यावर अख्खा ब्रेड उघडा राहिला की बाबांचा हात दुसऱ्या कापाकडे जातोच.