अंड्यांच्या टरफलांपासून बायोडिझेलसाठी उत्प्रेरक

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, धडगाव व तळोदा या सातपुड्याच्या पट्ट्यात मोहाची झाडे विपुल आहेत. त्याच जिल्ह्यातील नवापूर हे अंड्यांवरील कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र आहे. मोहाच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल तयार होते आणि ते तयार करण्यासाठी लागणारा उत्प्रेरक अंड्यांच्या टाकाऊ टरफलांपासून बनविता येतो. दोन्ही गोष्टी प्रयोगांनी सिद्ध झालेल्या आहेत. तेव्हा या दोहोंची सांगड आपल्या जिल्ह्यात घालता येईल का, असा प्रश्न शेतकरी गट व बचत गटांना पडणे साहजिक आहे.

मात्र या विषयात पाऊल जपून टाकावे लागते. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी जट्रोफाच्या (मोगली एरंड) लागवडीचा पुरस्कार केला. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते. ते गाठता आले नाही. जट्रोफा लावलेल्या अनेक शेतकऱ्यांना अपेक्षित उत्पादनही मिळाले नाही. २०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणून यंत्रसामग्रीत पैसा घालण्यापूर्वी हिशोब नीट समजून घ्यावा.

उत्प्रेरकाचे काम

वनस्पती तेल दाट असल्याने ते जसेच्या तसे इंजिनात वापरणे योग्य नसते. तेलाची मिथेनॉलबरोबर प्रक्रिया केली असता पातळ बायोडिझेल आणि ग्लिसरीन वेगळे होतात. ही प्रक्रिया जलद होण्यासाठी जो पदार्थ घालतात त्यास उत्प्रेरक म्हणतात. दह्याच्या विरजणासारखा तो थोडाच लागतो, परंतु त्यावाचून काम होत नाही.

सर्वसाधारणपणे कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश वापरतात. हे पदार्थ मिथेनॉलमध्ये विरघळतात. त्यामुळे ते परत मिळत नाहीत, बायोडिझेल पाण्याने धुवावे लागते आणि साबणयुक्त सांडपाणी तयार होते. कळीचा चुना हा घन उत्प्रेरक आहे. तो बहुतांशी तळाशी बसतो, गाळून काढता येतो व पुन्हा वापरता येतो.

टरफलांपासून कळीचा चुना

अंड्याच्या टरफलात सुमारे ९४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. ते ८०० अंश सेल्सिअसच्या वर भाजले असता कर्बवायू निघून जातो व कळीचा चुना (चुनकळी) उरतो. चीनमधील वेई, शू व ली या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, टरफलांपासून केलेला उत्प्रेरक सोयाबीन तेलाच्या ३ टक्के प्रमाणात वापरला. ६५ अंश तापमानात ३ तासांत ९५ टक्क्यांहून अधिक बायोडिझेल मिळाले आणि तोच उत्प्रेरक १३ वेळा वापरला तरी त्याचे काम मंदावले नाही.

तयार करण्याची रीत थोडक्यात अशी आहे :

१) टरफले स्वच्छ धुऊन आतील पातळ पापुद्रा काढावा व कडक उन्हात वाळवावीत.
२) वाळलेली टरफले बारीक करावीत.
३) भट्टीत ८०० ते १००० अंशांवर सुमारे २ तास भाजावीत. घरगुती चुलीवर हे तापमान टिकत नाही.
४) भाजलेली भुकटी थंड होताच हवाबंद डब्यात भरावी. उघडी राहिल्यास ती हवेतील ओलावा व कर्बवायू शोषून घेते आणि तिचे सामर्थ्य जाते.

शंभर किलो तेलाचा हिशोब

एका अंड्याचे टरफल सरासरी ६ ग्रॅम धरल्यास १००० अंड्यांपासून ६ किलो टरफले मिळतात. भाजल्यावर त्यांचा सुमारे ३ किलो चुना होतो. ३ टक्के प्रमाणाने हा चुना १०० किलो तेलाच्या एका घाण्याला पुरतो.

या १०० किलो तेलासाठी पुढील गोष्टी लागतात :

- मोहाच्या बियांचा मगज : तेलाचा उतारा ३५ टक्के धरल्यास सुमारे २८५ किलो.
- मिथेनॉल : वरील प्रयोगातील प्रमाणाने सुमारे ३३ किलो. त्यापैकी ११ किलो प्रक्रियेत खर्च होते. उरलेले ऊर्ध्वपातनाने परत मिळवावे लागते.
- मिळणारे उत्पादन : प्रक्रिया पूर्ण झाल्यास जवळपास १०० किलो बायोडिझेल व सुमारे १० किलो ग्लिसरीन.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खर्चाचा मोठा वाटा तेलाचा व मिथेनॉलचा आहे, उत्प्रेरकाचा नाही. टरफले फुकट मिळाली म्हणून बायोडिझेल फुकट होत नाही. टरफलांचा खरा फायदा सांडपाणी कमी होण्यात आणि चुना पुन्हा वापरता येण्यात आहे.

खरी अडचण : तेलाची आम्लता

मोहाच्या तेलात मुक्त मेदाम्ले जास्त असतात. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत घाडगे व रहमान यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरलेल्या तेलात ती १९ टक्के होती. अशा तेलात थेट चुना घातल्यास मेदाम्ले चुन्याशी संयोग पावून चुन्याचा साबण होतो. हिशोबाने १०० किलो तेलातील १९ किलो मेदाम्ले सुमारे १.९ किलो चुना खाऊन टाकतात. म्हणजे घातलेल्या ३ किलोंपैकी जवळजवळ दोन किलो वाया जातो, आणि साबणामुळे ग्लिसरीन वेगळे होत नाही ते निराळेच.

यावर उपाय म्हणून वरील शास्त्रज्ञांनी आधी गंधकाम्ल व मिथेनॉल यांची प्रक्रिया देऊन मेदाम्ले १ टक्क्याच्या खाली आणली आणि मग कॉस्टिक पोटॅशने बायोडिझेल केले. चुना वापरायचा असल्यास पहिल्या टप्प्यातील आम्ल व पाणी पूर्ण काढून टाकणे आवश्यक आहे. अन्यथा चुन्याचा जिप्सम किंवा विरी गेलेला चुना होतो.

बी गोळा करतानाच काळजी

तेलाची आम्लता कारखान्यात कमी करणे खर्चाचे आहे. ती वाढू न देणे आपल्या हातात आहे. मोहाची फळे जून-जुलैत, म्हणजे नेमकी पावसाच्या तोंडावर पडतात. ओले बी ढिगात राहिले की ते तापते, बुरशी धरते आणि तेलातील मेदाम्ले सुटी होतात. यासाठी :

१) पडलेली फळे रोजच्या रोज वेचावीत व गर काढून बी मोकळे करावे.
२) बी फोडून मगज शेडखाली किंवा पोटमाळ्यावर पातळ पसरून वाळवावा. मगज दातांखाली कटकन तुटला पाहिजे.
३) ओले व सुके, जुने व नवे बी एकत्र करू नये.
४) साठवण कोरड्या पोत्यांत, जमिनीपासून उंच करावी आणि तेल लवकर काढून घ्यावे.

असे बी बायोडिझेलला गेले नाही तरी त्याचे तेल चांगले निघते. सातपुड्यातील अनेक कुटुंबे मोहाचे तेल स्वयंपाकात वापरतात. घरची गरज भागल्यावर उरेल तेच बी विक्रीला काढावे.

टरफले कोठून व कशी घ्यावीत

नवापूरची बहुतांश अंडी अखंडच विक्रीला जातात, त्यामुळे टरफले कुक्कुटपालन केंद्रावर साचत नाहीत. हॅचरी, बेकरी, खानावळी व अंडाभुर्जीच्या गाड्या येथेच ती एकत्र मिळू शकतात. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव नवापूर येथेच आढळला होता, हे विसरू नये. रोगाची शंका असलेल्या भागातील टरफले उचलू नयेत व पशुसंवर्धन विभागाच्या सूचना पाळाव्यात. टरफले गोळा करणाऱ्याने त्याच कपड्यांत व पादत्राणांत कोंबड्यांच्या शेडमध्ये जाऊ नये.

इतर टाकाऊ पदार्थ

केळीच्या खोडाच्या राखेत पालाश भरपूर असते. गुवाहाटी विद्यापीठातील डेका व बसुमतारी यांनी २०११ मध्ये या राखेच्या साहाय्याने पिवळ्या कण्हेरीच्या (बिट्टी) तेलापासून बायोडिझेल केले. शहादा व तळोदा भागात केळीची खोडे मिळतात. परंतु तेच पालाश शेतालाही हवे असते, म्हणून खोडे जाळण्याऐवजी कुजवून जमिनीला देणे सध्या अधिक फायद्याचे आहे. साखर कारखान्यांच्या प्रेसमडचेही तसेच आहे. राज्यातील बहुतेक कारखाने रस शुद्ध करण्यासाठी गंधक प्रक्रिया वापरतात. त्यांच्या प्रेसमडमध्ये सेंद्रिय पदार्थ जास्त असल्याने त्याचे कंपोस्ट करणेच योग्य.

धोके व नियम

मिथेनॉल अत्यंत विषारी आहे. पोटात गेल्यास दृष्टी जाते, मृत्यूही ओढवतो. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. कळीचा चुना पाणी लागताच तापतो व डोळ्यांना इजा करतो. म्हणून घरात, गोठ्यात किंवा चुलीजवळ हा प्रयोग मुळीच करू नये. विक्रीच्या बायोडिझेलला भारतीय मानक १५६०७ लागू आहे व त्यासाठी तेलाची तपासणी करून घ्यावी लागते. मिथेनॉलचा साठा व बायोडिझेलची विक्री यांच्या परवान्यांची चौकशी आधी करावी.

गटांनी सध्या काय करावे?

१) कर्ज काढून बायोडिझेल संयंत्र उभारण्याची घाई करू नये.
२) पहिल्या हंगामात बी चांगले वाळविणे, मगज करणे व सामूहिक तेलघाणा यांवर भर द्यावा.
३) तेलाच्या नमुन्याची आम्लता प्रयोगशाळेत तपासून नोंद ठेवावी.
४) गावात दरमहा किती टरफले मिळतात याचे वजन करून ठेवावे.

या दोन नोंदी हाती असल्या की बायोडिझेलचा विचार करायचा की तेल तेल म्हणूनच विकायचे, हे गटाला आकड्यांवरून ठरविता येईल. त्या नोंदी घेऊन शेतकरी बंधू-भगिनींनी जवळच्या कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.