तुरुंगज्वर आणि अंगावरचे कपडे

इंग्लंडचा इतिहास वाचताना 'तुरुंगज्वर' हा शब्द आढळला आणि माझे कुतूहल जागे झाले. १५७७ साली ऑक्सफर्ड येथे एका खटल्यानंतर न्यायाधीश, शेरीफ यांच्यासह शेकडो माणसे तापाने दगावली. दोष दिला गेला कैद्यांच्या दुर्गंधीला. हा ताप बहुधा टायफस असावा असे आज मानतात. (नावसाधर्म्यामुळे टायफॉइडशी गल्लत होते, तो रोग निराळा, दूषित अन्नपाण्यातून होणारा.)

टायफसचा प्रसार उवांमुळे होतो हे सिद्ध व्हायला १९०९ साल उजाडावे लागले. ते श्रेय शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरांचे. १९०३ मध्ये ते ट्यूनिसच्या पाश्चर संस्थेचे संचालक झाले. सुरुवातीलाच एका तुरुंगातील साथ पाहण्यास ते निघणार होते, पण आदल्या दिवशी प्रकृती बिघडली. सहकारी डॉक्टर व त्याचा नोकर गेले, तेथे रात्र काढली, आणि दोघेही टायफसने मेले. निकोल वाचले ते आजारपणामुळे!

पुढे त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. रुग्ण घरात, गल्लीत, थेट इस्पितळाच्या दारापर्यंत रोग पसरवी. त्याचे कपडे उतरवून घेणारे व धुणारे नोकरही आजारी पडत. मात्र आंघोळ घालून, इस्पितळाचे कपडे चढवून खाटेवर निजवला की शेजारच्याला काही होत नसे. तेव्हा रोगाचे वाहन कपड्यांतच असले पाहिजे! माकडांवरील प्रयोगांनी ते खरे ठरले. १९२८ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले.

ही ऊ आपल्या ओळखीची, डोक्यातली नव्हे. ती कपड्यांच्या शिवणीत राहते, तेथेच अंडी घालते आणि रक्त पिण्यापुरती अंगावर येते. जंतू तिच्या विष्ठेत असतात; खाजवले की ओरखड्यांतून आत शिरतात. तापाने फणफणलेले अंग किंवा थंड पडलेले प्रेत तिला मानवत नाही, मग ती शेजाऱ्याकडे जाते. कोठडीत शेजारी चार बोटांवरच असतो. याच जंतूंनी पुढे ऊही मरते, हे वेगळेच.

म्हणून अशा रोग्यांना 'घाणेरडी माणसे' म्हटलेले मला खटकते. माझ्या आजीजवळ कित्येक वर्षे दोनच लुगडी होती. एक अंगावर, एक दांडीवर. तिची स्वच्छता त्या दांडीवरच्या लुगड्याच्या बळावर होती. ज्या कैद्याजवळ दुसरा जोडच नाही, त्याने अंगावरचा उकळत्या पाण्यात टाकावा कसा?

ही जुनी गोष्ट म्हणावी, तर आफ्रिकेतील बुरुंडीचे उदाहरण आहे. यादवी युद्धाच्या काळात, १९९५ साली, तेथील न्गोझीच्या तुरुंगात ही साथ आली. ती टायफसची होती हे मागाहून कळले. १९९७ पर्यंत ती निर्वासितांच्या छावण्यांत पोहोचली आणि संशयित रुग्ण ४० हजारांच्या वर गेले. प्रदेश डोंगराळ व थंड, छावण्या दाटीच्या, कपडे दिवसरात्र तेच. वास्तविक औषध साधे आहे: डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा. पण गोळीने माणूस बरा झाला तरी शिवणीतली ऊ जिवंतच राहते, म्हणून कपडे उकळणे किंवा त्यांवर कीटकनाशक भुकटी टाकणे हे कामही सोबतच करावे लागते.