बालविकासाचे टप्पे : वाट किती पाहावी?

पहिली तीन वर्षे हा मानवी जीवनातील विलक्षण वेगाचा काळ होय. जन्मतः मानही सावरू न शकणारे बालक या अवधीत धावू लागते, प्रश्न विचारते, हट्ट करते. या प्रगतीचे टप्पे मातापित्यांप्रमाणेच अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे. विकासातील उणीव या वयात ध्यानात आली तर ती बऱ्याच अंशी भरून काढता येते. शाळाप्रवेशाच्या वेळी आली तर बहुमोल वर्षे वाया गेलेली असतात.

शारीरिक वाढ

जन्मतः तीन किलो वजनाचे बालक वर्षाअखेर साधारणतः नऊ किलोंचे होते. उंची ५० सेंटीमीटरांवरून ७५ पर्यंत जाते. दुसऱ्या वर्षी हा वेग मंदावतो. वजनात अदमासे अडीच किलोंची आणि उंचीत सुमारे १२ सेंटीमीटरांची भर पडते. त्यामुळे भूक थोडी कमी झालेली दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही. मात्र ओळीने दोन-तीन महिने वजनाचा काटा जागचा हलला नाही, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

चालणे

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांची पाहणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय चालण्याचे वय सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत असू शकते, असे त्यात आढळले. काही बालके तर न रांगताच उभी राहिली. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करून आपल्या मुलाला मागासलेले ठरवणे योग्य नव्हे. परंतु या मुदतीलाही शेवट आहे. दीड वर्ष उलटूनही बालक चालत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे वय मात्र दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

भाषा व बुद्धी

वर्षाच्या सुमारास बालक एखादा अर्थपूर्ण शब्द बोलते, नावाने हाक मारताच वळून पाहते. दीड वर्षाचे झाल्यावर हवी ती वस्तू बोटाने दाखवते, मोठ्यांचे अनुकरण करते. दोन वर्षांचे मूल ‘दूध दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडते, तर तीन वर्षांचे मूल छोटी वाक्ये बोलते आणि खेळात भातुकलीचा स्वयंपाकही रांधते.

याच बाबतीत घरोघरी एक घातक समजूत आढळते. ‘त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते’ असे म्हणून वडीलधारी मंडळी निश्चिंत राहतात. प्रत्यक्षात त्या बालकाला ऐकूच येत नसण्याचा संभव असतो. न ऐकणारे मूल बोलणार कसे? श्रवणदोष वेळीच ओळखला न गेल्यास बुद्धीने तल्लख असलेले मूलही पुढे ‘मंद’ ठरवले जाते. तसेच, आधी येत असलेले बोलणे वा हालचाल बालक विसरू लागले, तर कोणत्याही वयात एक दिवसही दवडू नये.

उपलब्ध सोयी

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. आज अंगणवाडी गावोगाव पोहोचली आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करावी आणि विकासात मागे पडलेल्या बालकांना पुढील उपचारांसाठी जिल्हा केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे.

परंतु पथक येते त्या दिवशी बालक शेतावर वा आजोळी असेल, तर ही सोय व्यर्थ ठरते. तपासणीची तारीख गावात आधी कळवणे, गैरहजर बालकांची यादी ठेवणे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास कचरणाऱ्या कुटुंबाला सोबत देणे ही कामे ग्रामपंचायतीला सहज करता येतील. शिक्षकांनीही पहिलीत येणाऱ्या मुलाच्या धाकट्या भावंडांची चौकशी करावी. बालक आपल्या गतीने वाढते, हे खरे. परंतु त्याची गती कोठे अडली आहे, हे ओळखण्याचे कर्तव्य मोठ्यांचेच आहे.